मिल्ट जॅक्सनच्या मागे वाजणारा पियानो

गेले तीन आठवडे रोज रात्री मी एकच रेकॉर्डिंग ऐकतेय, डिसेंबर १९५४ मधलं, मॉडर्न जॅझ क्वार्टेटचं 'जँगो'. सात मिनिटांचं आहे. आधी मी ते व्हायब्राफोनसाठीच (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य) ऐकायचे, बहुतेक सगळे तसंच ऐकतात, कारण मिल्ट जॅक्सन समोर असतो आणि तो इतकं सुंदर वाजवतो की बाकी कुठे लक्षच जात नाही. पण एका रात्री हेडफोन लावून ठरवूनच बसले की आज जॅक्सनच्या मागे नाही जायचं, फक्त मागचा पियानो धरून ठेवायचा. आणि तेव्हापासून तो पियानो सुटायलाच तयार नाहीये.

तो पियानो जॉन लुईसचा.

जॅझ आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत एकत्र आणणारे लोक म्हटलं की त्याचं नाव पहिल्या दोन-तीनांत येतंच, पण येतं ते जरा अभ्यासाच्या पुस्तकात आल्यासारखं, म्हणजे फ्यूग (एकच चाल एकामागून एक वेगवेगळ्या आवाजांत गुंफत नेणारी रचना) लिहिले, जुना जर्मन संगीतकार बाख, त्याच्यावर प्रेम होतं, सूट घालून वाजवायचे, बस्स. मला हे फार कमी वाटतं. मला वाटतं त्याने जे खरं मोठं काम केलं ते फ्यूगमध्ये नाहीये, ते तो दुसऱ्याला साथ कशी करतो त्यात आहे. म्हणजे चेंबर म्युझिक त्याने बाहेरून आणून जॅझवर चढवलं नाही, चार माणसं एका खोलीत बसून एकमेकांचं ऐकत वाजवतात ही गोष्ट जॅझमध्ये आधीपासून होतीच, त्याने ती ओळखली आणि तिच्याकडे पूर्ण गांभीर्याने पाहिलं.

जरा नीट सांगते. जॅझमध्ये कुणी सोलो घेत असेल तर पियानोवाला मागे कॉम्पिंग करतो, म्हणजे मध्येमध्ये कॉर्ड (एकत्र वाजणारे काही सूर) टाकत राहतो, तालाच्या आडव्यातिडव्या जागी, सोलोवाल्याला ढकलत राहतो. बीबॉपच्या, म्हणजे चाळीसच्या दशकातल्या त्या वेगवान जॅझच्या जमान्यात तर हे फार जोरकस होतं, आणि ते छानच आहे, मला आवडतंच. पण लुईस बऱ्याचदा हे करतच नाही. तो मागे दुसरी एक छोटी चाल वाजवतो. तीन-चार सुरांचा एक तुकडा घेतो, तो परत वाजवतो, मग थोडा बदलून वाजवतो, मग गप्प बसतो. जॅक्सनची ओळ वर चाललीय तर ह्याची खाली उतरते, जॅक्सन श्वास घ्यायला थांबला की तेवढ्या फटीत दोन सूर. एकावेळी दोन स्वतंत्र चाली चालल्यात आणि दोन्ही एकमेकींना धरून आहेत, ह्यालाच काउंटरपॉइंट म्हणतात, फक्त इथे ते कागदावर लिहिलेलं नाहीये, त्या क्षणी कानाने घडतंय. बाखचा अभ्यास केलेल्या माणसाच्या हातात तो किती खोल मुरलाय हे मला कुठल्याही फ्यूगपेक्षा इथे जास्त कळतं.

हे ढंग नंतर आलेत असंही नाही. १९४८ मध्ये सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करच्या 'पार्कर्स मूड'वर पियानो लुईसचाच आहे. पार्करने त्या ब्लूजमध्ये (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या दुःखाच्या गाण्यांतून आलेला प्रकार) अक्षरशः जीव ओतलाय आणि त्याच्यानंतर पियानोची पाळी येते, कुठल्याही तरुण वादकाला तिथे सगळं येतंय ते दाखवायचा मोह होईल. लुईस अगदी मोजके सूर घेतो, एकेरी ओळीत, शांतपणे. तेव्हा तो २८ वर्षांचा होता.

माणूस आला कुठून तर जन्म १९२० चा, इलिनॉयमधल्या ला ग्रेंजचा, वाढला न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीमध्ये. तिथल्याच युनिव्हर्सिटीत संगीत आणि मानववंशशास्त्र दोन्ही शिकला. मग दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेला, तिथे केनी क्लार्क हा ड्रमर भेटला, आणि युद्ध संपल्यावर त्याच ओळखीतून ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या बिग बँडमध्ये शिरला. एकीकडे हे आणि दुसरीकडे मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये रीतसर शिक्षण, १९५३ मध्ये मास्टर्स. दोन्ही एकाच वेळी चाललेलं होतं हे मला महत्त्वाचं वाटतं, म्हणजे एक सोडून दुसऱ्याकडे गेला असं कधी झालंच नाही.

आणि क्वार्टेटचा जन्म कसा झाला ते तर मला फारच आवडतं. गिलेस्पीच्या बँडमधलं संगीत ट्रम्पेटवाल्यांसाठी भयंकर अवघड, सारखं वरच्या सुरांत, ओठ पार दमून जायचे. त्यांना विश्रांती म्हणून मध्येमध्ये फक्त लुईस, जॅक्सन, क्लार्क आणि बासवर रे ब्राउन असे चौघंच वाजवायचे. म्हणजे एवढा मोठा आवाज करणारा बँड शेजारी गप्प बसलाय आणि मधोमध हे चार जण हळू आवाजात वाजवतायत. पुढचं सगळं त्या विश्रांतीच्या वेळातून आलं. १९५२ मध्ये मॉडर्न जॅझ क्वार्टेट ह्या नावाने ते उभे राहिले, बासवर पर्सी हीथ आला, १९५५ मध्ये क्लार्कने ग्रूप सोडला आणि ड्रमवर कॉनी के आला, आणि मग ही चौकडी जवळजवळ वीस वर्षं बदलली नाही.

आता 'जँगो'कडे येते, कारण हात तिथेच वळवळतायत.

जँगो राइनहार्ट हा गिटारवादक मे १९५३ मध्ये गेला, अवघ्या ४३ व्या वर्षी. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं तरुणपणीच आगीत जायबंदी झाली होती आणि तरी तो जे वाजवायचा ते वाजवायचा. लुईसने त्याच्यासाठी हे रचलं. सुरुवातीला २० बारची (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन) संथ चाल आहे, एखाद्या मिरवणुकीसारखी, पण शोकाच्या. ती संपली की लय उचलते आणि सोलो सुरू होतात, आणि गंमत म्हणजे सोलोचा साचा ह्या सुरुवातीच्या चालीएवढा नाहीच, तो ३२ बारचा आहे. ३२ बार तर जॅझमध्ये नेहमीचेच, पण नेहमी ते आठ-आठचे चार तुकडे असतात. इथे सहा, सहा, आठ आणि बारा अशी वाटणी आहे. ऐकताना कुठेही खटकत नाही, मोजायला बसलं की मग लक्षात येतं, अरे हे तर सरळ नाहीये! आठच्या तुकड्यात खालचा सूर एका जागी धरून ठेवलाय, वरती काहीही चालू देत, खाली तो सूर हलत नाही, आणि त्यातून असा ताण साठत जातो, आणि मग बाराच्या तुकड्यात बासची ती ठसठशीत बूगी पद्धतीची चाल सुरू होते तेव्हा अंगावरून काटा जातो. ती चाल लुईसने लिहिलेली आहे, ठरलेली आहे, तरी त्याच्यावर जॅक्सन जे वाजवतो ते पूर्ण त्याचं, पूर्ण मोकळं.

मला नेमकं हेच सांगायचंय. घर लुईसने बांधलंय, पण आत राहणाऱ्याला वावरायला पूर्ण जागा आहे.

जॅक्सनचा सोलो झाला की मध्ये थोडी ती संथ चाल परत येते, आणि मग लुईस स्वतः. इतका वेळ मागे होता तो पुढे येतो आणि तरी मागे असल्यासारखाच वाजवतो. काही जागी त्याने सूर इतके विरळ ठेवलेत की मला प्रत्येक सुराआधी थांबून वाट बघावी लागते. (हे स्पीकरवर नाही कळत, हेडफोन लावाच.)

त्याच्यावर टीका पुष्कळ झाली. मुख्य आरोप हाच की मिल्ट जॅक्सन म्हणजे अस्सल ब्लूजचा माणूस आणि लुईसने त्याला टक्सिडो घालून फ्यूगच्या पिंजऱ्यात बसवलं. मला हे पटत नाही, म्हणजे आधी थोडं पटायचं, आता नाही. कारण जॅक्सनची ती पाझरणारी वाक्यं, व्हायब्राफोनची मोटर मंद ठेवून काढलेला तो लांब थरथरता सूर, त्याला शांतताच हवी आजूबाजूला. गजबजलेल्या कॉम्पिंगमध्ये तो सूर शेवटपर्यंत ऐकूच येणार नाही. लुईस आणि कॉनी के दोघांनी मिळून ती शांतता राखलीय, के तर कधी कधी फक्त छोट्या झांजा आणि ट्रँगल वाजवतो, आणि त्यातला एकेक ठोका असा नेमका पडतो की बस्स.

आणि टक्सिडोबद्दल म्हणाल तर त्या काळात कृष्णवर्णीय वादकांनी नाइट क्लबात वाजवायचं म्हणजे लोक पीत बसलेत, गप्पा मारतायत, संगीत मागे कुठेतरी. ह्या चौघांनी ठरवलं की आम्ही मैफलीला आल्यासारखे येणार, मैफलीसारखे कपडे, मैफलीसारखं वागणं. आणि लोक बोलायला लागले तर आवाज वाढवायच्या ऐवजी हे आणखी हळू वाजवायचे, ऐकायचं असेल तर गप्प बसावंच लागेल इतकं हळू. केवढा आत्मविश्वास लागतो ह्याला. कामंसुद्धा त्यांनी वाटून घेतली होती, संगीत लुईसकडे, प्रसिद्धी जॅक्सनकडे, पैशाचा हिशेब हीथकडे, प्रवास आणि राहण्याची सोय केकडे.

जिथे मला लुईस कमी पटतो तेही लिहायला हवं. १९५७ मध्ये संगीतकार गुंथर शुलरने 'थर्ड स्ट्रीम' हा शब्द काढला, जॅझ एक प्रवाह, शास्त्रीय दुसरा आणि दोन्ही मिळून तिसरा, आणि लुईस त्या सगळ्यात मनापासून होता. ऑर्केस्ट्रासाठी लिहिलं, स्ट्रिंग क्वार्टेटबरोबर वाजवलं, १९६२ मध्ये ऑर्केस्ट्रा यू.एस.ए. उभा केला. मी हे बरंचसं ऐकलंय, प्रामाणिकपणे ऐकलंय, आणि दर वेळी मला असं वाटतं की व्हायोलिनवाले पाहुणे आलेत आणि जरा अवघडून बसलेत. त्यांच्यासमोर कागद आहे आणि कागदात स्विंग, म्हणजे जॅझचा तो झुलता ताल, लिहिता येत नाही. दोन्ही बाजू सुंदर वाजवतात पण आळीपाळीने, एकमेकांत नाही. जे काम चार माणसांत इतकं सहज होतं ते तीस माणसांत नाही होत. चेंबर म्युझिकचा जीव संख्येतच असतो बहुतेक, प्रत्येकाला प्रत्येकाचा श्वास ऐकू आला पाहिजे.

ह्याच्या उलट 'ब्लूज ऑन बाख', नोव्हेंबर १९७३ मधलं. ह्यात पाच तुकडे बाखच्या रचनांवरचे, लुईस त्यात हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं वाद्य) वाजवतो, आणि त्यांच्या मध्येमध्ये चार ब्लूज. त्या चार ब्लूजच्या पट्ट्या बघा, बी फ्लॅट, ए, सी आणि बी. जर्मन पद्धतीत बी फ्लॅटला नुसतं बी म्हणतात आणि आपल्या बीला एच. म्हणजे बी, ए, सी, एच, बाखचं नाव! बाखने स्वतः ही अक्षरं सुरांत गुंफली होती, आणि इथे तेच नाव ब्लूजच्या पट्ट्यांनी लिहिलंय. हे नुसतं कोडं असतं तर मी विसरूनही गेले असते, पण बाखचा तुकडा संपून ब्लूज सुरू होतो तेव्हा खोली बदलल्यासारखं वाटत नाही, त्याच खोलीत कुणीतरी खिडकी उघडली असं वाटतं.

माझ्या स्वतःच्या वाजवण्यावर ह्याचा परिणाम झालाच. मी हौशी पियानो वाजवते आणि एका मैत्रिणीला बासरीवर साथ करते, आणि मला सवय अशी की प्रत्येक बारमध्ये डाव्या हाताने कॉर्ड भरलीच पाहिजे, रिकामं सोडलं तर साथ सुटली असं वाटायचं. मागच्या रविवारी ठरवून डावा हात मांडीवर ठेवला आणि फक्त उजव्याने, तिची ओळ थांबेल तिथेच दोन-तीन सूर. पहिल्यांदा फार उघडं उघडं वाटलं. मग तिसऱ्यांदा वाजवताना ती एका जागी नेहमीपेक्षा जास्त थांबली, आणि मी पण थांबले, आणि ती म्हणाली, "ए, तू आज ऐकतेयस." इतकी वर्षं आम्ही एकत्र वाजवतोय.

१९७४ मध्ये जॅक्सनने क्वार्टेट सोडलं, सततचे दौरे आणि त्या मानाने मिळणारा पैसा ह्याला तो कंटाळला होता, आणि ग्रूप संपला. १९८१ मध्ये चौघं परत एकत्र आले आणि नव्वदच्या दशकापर्यंत वाजवत राहिले. कॉनी के १९९४ मध्ये गेला, जॅक्सन ऑक्टोबर १९९९ मध्ये. लुईस मार्च २००१ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये, ८० वर्षांचा होऊन.

१९९९ मध्ये त्याने एकट्याने पियानोवर एक अल्बम केला, 'एव्होल्यूशन'. त्यात 'जँगो' परत आहे, ४५ वर्षांनी. ना व्हायब्राफोन, ना बास, ना झांजा. काल रात्री मी आधी १९५४ चं लावलं आणि लगेच हे, आणि जिथे जिथे जॅक्सनची ओळ यायची तिथे माझ्या कानात ती आपोआप वाजत होती. आज परत लावणार आहे.