स्लॅब भरायचा की मांडायचा?

लातूरच्या औसा तालुक्यात घरं बांधून देते, त्यामुळे एप्रिल-मे आला की धास्ती बसते. तूर-हरभऱ्याचे पैसे हातात असतात, पावसाआधी स्लॅब झालाच पाहिजे म्हणून लोक मागं लागतात, आणि नेमके तेव्हाच बोअर आटलेले. कोरड्या कडक हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओलं ठेवा, असं आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, सांगतं. आमच्या उन्हात सकाळी आळी करून साठवलेलं पाणी संध्याकाळपर्यंत उडून जातं, की परत टँकर. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं; पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं. अशा जिल्ह्यात स्लॅबवर टँकर रिकामा करताना जिवाला लागतं.

म्हणून हल्ली मी शक्य तिथं प्लँक-जॉइस्टचं, म्हणजे आधीच ओतून ठेवलेल्या काँक्रीटच्या फळ्या (प्लँक) आणि तुळया (जॉइस्ट) मांडून केलेलं छत सुचवते. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं (सीबीआरआय) ही पद्धत बसवली. ना कारखाना लागतो, ना मोठी क्रेन. साधारण फूटभर रुंद आणि फार तर दीड मीटर लांब फळ्या साच्यात ओतायच्या, हौदात भिजत ठेवायच्या. हौदातलं पाणी पुढच्या फळ्यांनाही चालतं. ताडपत्री टाकली की उडतही नाही. मग भिंतींवर तयार जॉइस्ट, जॉइस्टवर फळ्या आणि वरून काँक्रीटचा भराव. तो भराव भिजवावाच लागतो, पण खालपासून पूर्ण स्लॅब ओतण्याइतकं काँक्रीट नसतं. सेंट्रिंगच्या प्लेटाही पसराव्या लागत नाहीत.

एका घरी म्हातारी आजी म्हणाली, "पोरी, जोडाजोडीचं छत हाय. जमीन हलली तर सुटंल की गं."

तिचं भय खरं आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या परिसरात माणसं गाडली गेली ती जाड दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली. पण नुसतं हलकं छत केलं म्हणजे झालं, असंही नाही. २००१ च्या भूजच्या भूकंपात गुजरातेत प्रीकास्ट, म्हणजे अशाच आधी ओतलेल्या, भागांच्या शाळांची छतं कोसळली, कारण भागांचे जोडच कच्चे होते.

तर सगळा जीव जोडात. जॉइस्टच्या वर सळईच्या रिंगा मोकळ्या सोडलेल्या असतात. त्या भरावात अडकल्या तरच फळ्या, जॉइस्ट आणि भराव एकजीव होतात. भिंतींवर सलग आरसीसी पट्टा हवा आणि छताची सळई त्यात गुंतलेली हवी. गवंडी मात्र फळी बसवताना रिंग आडवी आली की हातोड्यानं ठोकून झोपवतात. काम पटकन उरकतं, पण आतली पकड गेली. वरून भराव पडल्यावर ते कुणालाच दिसत नाही. म्हणून भरावाआधी मी स्वतः छतावर चढून एकेक जॉइस्ट बघते, सांध्यातली धूळ धुऊन घेते. एक जरी रिंग झोपलेली दिसली तरी मिक्सर थांबवते, मजुरांची हजेरी अंगावर पडली तरी चालेल.