काकांनी मान डोलावली

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षापर्यंत माझा बहुतेक सराव डमीवर झाला होता आणि डमीइतका सोशिक रुग्ण दुसरा नाही. छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा, ३० दाबांनंतर दोन श्वास द्यावेत, चुकल्यास पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. ती बिचारी हूं की चूं करत नाही. १९११ साली अमेरिकेतील हार्टफर्डच्या रुग्णालयासाठी ‘मिसेस चेस’ नावाची माणसाएवढी बाहुली तयार करण्यात आली, तेव्हापासून परिचारिका अशा मुक्या रुग्णांवर हात बसवत आल्या आहेत. बोलणारा सोंगाडी रुग्ण मात्र बराच नंतर आला. हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञांनी १९६३ मध्ये कॅलिफोर्नियात एका व्यक्तीला आजाराची लक्षणे वठवण्यास शिकवून विद्यार्थ्यांना तिची तपासणी करायला लावली, तेव्हा अनेकांनी त्यांची टिंगलच केली होती. खरे सांगायचे तर, अशा सत्राची सूचना फलकावर वाचली तेव्हा मीही हसले होते.

माझ्या वाट्याला साठीचे एक काका आले. शस्त्रक्रियेचा दुसरा दिवस, रक्तदाबाची गोळी द्यायची आहे, वेळ दहा मिनिटे, एवढेच कागदावर लिहिलेले होते. मी आत गेले, हात धुतले आणि त्यांची नाडी मोजली. त्यानंतर मनगटावरची बोटे तशीच ठेवून श्वास मोजले. कारण आपला श्वास कोणी मोजत आहे हे कळले की माणूस तो नकळत बदलतो. ही युक्ती आपल्याला आठवली, याचा मला मनातल्या मनात फार आनंद झाला. रक्तदाब घेतला, ट्रेमधील गोळी औषधांच्या तक्त्याशी ताडून पाहिली आणि ट्रेवरची नजर न काढता तक्त्यावरचे नाव उच्चारून विचारले, “काका, हे तुम्हीच ना?” त्यांनी मान डोलावली. “कोणत्या औषधाची ॲलर्जी नाही ना?” त्यांनी पुन्हा मान डोलावली. मी गोळी त्यांच्या हातावर ठेवली आणि पाण्याचा पेला पुढे केला.

नंतरच्या चर्चेत मॅडमनी मला एकच प्रश्न विचारला : “मनगटावरचा पट्टा वाचलास का?”

वाचला नव्हता. ज्या मनगटावर माझी बोटे पूर्ण मिनिटभर टेकलेली होती, त्याच मनगटावर दुसऱ्याच माणसाचे नाव होते. आडनाव तेवढे सारखे होते.

माझी पहिली प्रतिक्रिया रागाची होती. हा सरळसरळ सापळा आहे, असे मी बोलूनही दाखवले. त्यावर काका, म्हणजे आता भूमिकेतून बाहेर आलेले ते गृहस्थ, अगदी साध्या आवाजात म्हणाले, “अगं, मला कमी ऐकू येतं असं ठरलेलं होतं. तू सगळा वेळ ट्रेकडे बघून बोलत होतीस, तुझे ओठच दिसत नव्हते. दोनदा ‘काय?’ म्हणायची लाज वाटते गं, म्हणून मी मान डोलावली.”

त्या वाक्याने मला जे कळले, ते डमीवरच्या सरावाने कधी कळले नसते. ‘तुम्ही अमुकच ना?’ हा प्रश्न मुळातच होकार मागणारा असतो, आणि पलंगावर पडलेला माणूस परिचारिकेला सहसा नाही म्हणत नाही. त्याला त्याचे पूर्ण नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून सांगायला लावायची आणि मग पट्टा व तक्ता दोन्हींशी ताडून पाहायचे, हे आम्ही पुस्तकात वाचले होते आणि लेखी परीक्षेत त्याचे गुणही मिळवले होते. नाडी उत्तम मोजूनही रुग्णाचा चेहरा मी एकदाही नीट पाहिला नव्हता.

माझ्यानंतरच्या मुलीसाठी काका पुन्हा चादर ओढून झोपले आणि मी बाहेर आले.

पुढे खऱ्या वॉर्डात एका आजींना मी नाव विचारले, तेव्हा त्या वैतागल्या. “सकाळपासून तिसऱ्यांदा विचारताय तुम्ही लोक, मी काय पळून गेले होते?” मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले, माफी मागितली आणि पुन्हा विचारले. त्यांनी नाव सांगितले, जन्मसालही सांगितले, तारीख मात्र त्यांना ठाऊक नव्हती. मग पट्ट्यावरचा नोंदणी क्रमांक तक्त्याशी एकेक आकडा करून ताडला आणि त्यानंतरच गोळीचे पाकीट फोडले.