समज आणि कॉशन

२०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या एका अशिलाचा ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज नामंजूर झाल्याचे पत्र आले, आणि ते वाचताना दुसऱ्याच परिच्छेदाशी मी थांबले. अर्जात एका प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर दिले आहे, पोलिसांच्या नोंदीत मात्र २०१९ चे एक कॉशन (पोलिसांनी दिलेली औपचारिक ताकीद) आहे, सबब अर्जदाराने माहिती दडवली आहे, असा त्याचा मथितार्थ होता. तो ‘नाही’ अर्जदाराने उच्चारला होता. पण प्रश्न मी विचारला होता आणि रकान्यात खूणही मीच केली होती.

मी लंडनच्या हॅरो भागात इमिग्रेशन सल्लागार म्हणून काम करते. नागरिकत्वाचा अर्ज म्हटला की लोकांना ‘लाइफ इन द यूके’ ही परीक्षा आठवते, पण आमचा खरा वेळ दिवस मोजण्यात जातो. मागच्या पाच वर्षांत देशाबाहेर ४५० दिवसांपेक्षा आणि शेवटच्या वर्षात ९० दिवसांपेक्षा जास्त काळ काढलेला नसावा, म्हणून पासपोर्टवरचे शिक्के, विमानाची तिकिटे आणि लग्नकार्यांच्या तारखा जुळवत बसावे लागते. चारित्र्याचा भाग त्यानंतर येतो, आणि तोवर अशील आणि सल्लागार दोघेही थकलेले असतात.

हे गृहस्थ इचलकरंजीजवळच्या एका गावचे. २०१३ मध्ये ते आचारी म्हणून व्हिसावर आले, २०१८ मध्ये त्यांना कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळाली आणि त्यानंतर सहा वर्षे त्यांनी नागरिकत्वाचा अर्ज केला नाही. कारण आपल्याकडच्या बऱ्याच जणांचे असते तेच होते: भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि ‘मग शेतीचं काय?’ हा प्रश्न उरतो. वडिलोपार्जित जमीन ओसीआय कार्डधारकालाही, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयालाही, वारशाने मिळू शकते, फक्त नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, हे त्यांना पटवून द्यायला मला दोन बैठका लागल्या. माझे लक्ष त्या दोन बैठकांत खर्च झाले, ही गोष्ट मला आता जास्त टोचते.

कारण चारित्र्याचा प्रश्न मी त्यांना एका दमात विचारला होता: “पोलीस केस कधी झाली होती का? कोर्टात उभं राहायची वेळ आली होती का?” ते म्हणाले, “नाही हो ताई, कोर्टाची पायरी कधी चढलो नाही.” वर त्यांनी नोकरीसाठी काढलेला बेसिक डीबीएस दाखला, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींचा सरकारी दाखला, पुढे केला आणि तो कोरा होता. मी पुढच्या पानावर गेले.

पत्र आल्यावर मी त्यांना बोलावून घेतले. २०१९ मध्ये पोलिसांशी काय संबंध आला होता, असे विचारताच ते क्षणभर गोंधळले आणि मग म्हणाले, “ते होय? ते किचनमधलं भांडण. त्यात समज देऊन सोडलं होतं की.”

‘पोलिसांनी समज देऊन सोडले’ हे वाक्य मराठी माणूस लहानपणापासून वर्तमानपत्रात वाचत आलेला असतो. त्याचा त्याला कळणारा अर्थ एवढाच की फौजदाराने दम दिला, गुन्हा दाखल झाला नाही आणि विषय संपला. इंग्लंडमधले कॉशन तसे नाही. ते मिळण्यासाठी गुन्ह्याची कबुली द्यावी लागते आणि कागदावर सही करावी लागते. ती न्यायालयाने ठोठावलेली शिक्षा नसली तरी तिची नोंद पोलिसांच्या राष्ट्रीय संगणकावर होते आणि माणसाच्या वयाची १०० वर्षे पुरी होईपर्यंत राहते. आमच्या अशिलाने माझ्याशी खोटे बोललेले नव्हते. मी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला त्याने मराठीत खरे उत्तर दिले होते.

डीबीएसच्या कोऱ्या दाखल्याबद्दल मला इथे सविस्तर लिहायचे आहे, कारण त्याच्यामुळे फसलेले ते एकटेच नाहीत. गुन्हेगारांच्या पुनर्वसनाच्या १९७४ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे काही ठरावीक मुदतीनंतर जुना गुन्हा ‘स्पेंट’ होतो, म्हणजे तो सांगण्याचे बंधन उरत नाही. साधे कॉशन तर दिल्याक्षणीच स्पेंट होते. त्यामुळे बेसिक दाखल्यावर ते येतच नाही. पण १ ऑक्टोबर २०१२ पासून इमिग्रेशन आणि नागरिकत्वाच्या निर्णयांना हे संरक्षण लागू नाही. ज्या कॉशनबद्दल नोकरीच्या अर्जात मौन बाळगण्याचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे, तेच नागरिकत्वाच्या अर्जात सांगितले नाही तर तुम्ही लबाड ठरता. परदेशी व्हिसासाठी पोलीस सर्टिफिकेट काढणाऱ्यांनाही असाच चकवा बसतो. त्यावर ‘नो लाइव्ह ट्रेस’ असे छापून आले की लोक पेढे वाटायला निघतात. वास्तविक त्याचा अर्थ नोंद आहे, पण या दाखल्यावर दाखवलेली नाही, असा असतो. ‘नो ट्रेस’ हे निराळे; त्याचा अर्थ नोंदच नाही. पूर्ण नोंद हवी असेल तर आपल्याविषयीची माहिती मागण्याचा स्वतंत्र अर्ज ‘ॲक्रो’ या पोलीस नोंदणी कार्यालयाकडे करावा लागतो. तो फुकट असतो, आणि तरीही आमच्या व्यवसायातले कित्येक जण तो करायला सांगत नाहीत. मीही सरसकट सांगत नव्हते.

या सगळ्यातली सर्वांत दुःखद बाब अशी की ते कॉशन लिहिले असते तर बहुधा काहीच बिघडले नसते. अशा हलक्या प्रकरणाला अर्जाच्या तारखेपर्यंत तीन वर्षे उलटली असतील तर केवळ त्या कारणावरून अर्ज सहसा नाकारत नाहीत. इथे पाच वर्षे होत आली होती. माहिती दडवल्याचा ठपका बसला तर मात्र पुढची दहा वर्षे अर्ज साधारणपणे नाकारला जातो. अर्जाची फी तेव्हा १,६३० पाउंड होती. त्यातले समारंभाचे १३० पाउंड तेवढे परत मिळाले. या निर्णयावर अपील करता येत नाही. फेरविचाराचा अर्ज करायचा, नाहीतर न्यायालयीन पुनर्विलोकनाचा खर्च पेलायचा.

मी फेरविचाराचा अर्ज लिहायला घेतला. मार्गदर्शक नियमांत प्रामाणिक चूक आणि जाणूनबुजून केलेली दडवादडवी यांत फरक केलेला आहे, त्यामुळे प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला गेला हेच आमचे सर्वांत भक्कम म्हणणे होते. ते मांडायचे तर माझा प्रश्न अपुरा होता, असे माझ्याच सहीने लिहून द्यावे लागणार होते. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने तसे न करण्याचा सल्ला दिला: अशील विसरला असे लिही, आपल्या अंगावर कशाला घेतेस? तो माझ्यापेक्षा अनुभवी आहे आणि त्याची काळजी खरी होती, पण हा सल्ला चुकीचा होता आणि तसे मी त्याला सांगितले. अर्जदार ‘विसरला’ असे लिहिले असते तर त्याच्या माथी दुसरे खोटे बसले असते.

आता मी मराठी अशिलांना निराळे विचारते: पोलीस ठाण्यात कधी नेले होते का, बोटांचे ठसे घेतले होते का, कुठल्या कागदावर सही केली होती का, ‘समज देऊन’ सोडले होते का? या प्रश्नांनंतर गेल्या काही महिन्यांत दोघांना जुनी गोष्ट आठवली. त्यांतल्या एकाला तर ओळखीच्या एजंटाने ‘जुनं आहे, लिहू नका’ असे सांगून ठेवले होते. लपवणे म्हणजे शहाणपणा, ही आपल्या लोकांची समजूत असल्या एजंटांनी पोसली आहे आणि त्यांचा मला मनस्वी राग येतो.

ॲक्रोची नोंद आली त्या दिवशी ते गृहस्थ पुन्हा आले. सोबतच्या प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी कॉशनच्या कागदाची प्रत काढली. पाच वर्षे ती त्यांनी जपून ठेवली होती. सहकाऱ्याशी झालेल्या झटापटीत त्यांनी त्याला थप्पड मारली होती, म्हणून ‘कॉमन असॉल्ट’. खाली मध्यरात्रीनंतरची वेळ होती. ही नोंद पुढे कुठे कुठे उघड होऊ शकते, याबद्दलचा मजकूर बारीक इंग्रजीत छापलेला होता आणि त्याच्या खाली त्यांची सही होती, देवनागरीत, आडनावावर ठसठशीत रेघ ओढलेली. दुभाषा हवा का, असे विचारले तेव्हा त्यांनी संकोचाने ‘इंग्लिश ओके’ म्हटले होते. ठाण्यावर वकील मोफत मिळतो हे त्यांना सांगितले होते, पण त्याची वाट पाहत सकाळ होईल आणि सकाळची पाळी बुडेल, या धास्तीने त्यांनी तोही नको म्हटला होता.

“ताई, मग त्या रात्री मी सही करायलाच नको होती का?” त्यांनी विचारले.

त्या कागदावर सही केली नसती तर पोलिसांनी कदाचित पुढे काहीच केले नसते, कदाचित समेटावर मिटवले असते, कदाचित प्रकरण कोर्टातही गेले असते, असे मी त्यांना सांगितले; वकील शेजारी बसला असता तर यातले काय होण्याजोगे आहे हे त्याच रात्री कळले असते. फेरविचाराचा निकाल अजून आलेला नव्हता आणि हे लिहीपर्यंतही आलेला नाही. त्यांनी सगळे ऐकून घेतले, कागदाच्या पूर्वीसारख्याच चार घड्या घातल्या, पिशवीत सातबाऱ्याच्या उताऱ्याखाली तो सरकवला आणि संध्याकाळच्या पाळीला उशीर होईल म्हणून ते उठले.