मराठीच्या बाईंचे प्रश्न

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी पाठवा, असं समितीचं पत्र आलं. लिहायला बसलो आणि मराठीच्या बाईंपाशीच अडकलो. बाकीच्या गुरुजनांनी क्षमा करावी, त्यांचंही ऋण आहेच.

आमच्या वेळी मराठीचे प्रश्न म्हणजे रिकाम्या जागा, जोड्या लावा, कोण कोणास म्हणाले आणि संदर्भासहित स्पष्टीकरण. बोर्डाचा पेपर तसाच निघायचा, म्हणून बाई तेही घोटून घेत. ते झालं की पुस्तकं मिटायला लावत. "समजलं का?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. त्यावर अख्खा वर्ग "हो" म्हणतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या आधी प्रश्न टाकायच्या, मग थांबायच्या आणि नाव सगळ्यात शेवटी घ्यायच्या. तोवर प्रत्येक जण मनात उत्तर जुळवत असायचा.

आठवीत एकदा त्यांनी चक्क चिऊकाऊची गोष्ट काढली. काऊचं घर कशाचं? शेणाचं! सगळे ओरडले. चिऊने दार का उघडलं नाही? बाळाला न्हाऊ घालायचं होतं, तीट लावायची होती. "ती खरंच कामात होती की टाळत होती? कशावरून म्हणता?" इथे वर्गात दोन तट पडले. मग प्रश्न आला, "घर वाहून गेलं, यात चूक कोणाची?" कावळ्याची, तो आळशी, असं बहुतेकांचं मत. बाई थांबल्या. बराच वेळ थांबल्या. शेवटच्या बाकावर ऊसतोडणी कामगाराचा मुलगा बसायचा, दिवाळीनंतर येणारा, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की जाणारा. तो कधी बोलत नसे. तो उठून म्हणाला, "बाई, शेण फुकट मिळतं. मेण त्याला कोण देणार?"

बाईंनी बरोबर की चूक, काहीच म्हटलं नाही. त्याचं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि आम्हाला म्हणाल्या, "याचं उत्तर द्या." मधल्या सुट्टीत नळापाशीही आमचा वाद चालूच होता, आणि त्यात तोही होता.

आज मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. सरतपासणीत, म्हणजे आपणच बोलावलेल्या साक्षीदाराची पहिली तपासणी घेताना, त्याला सूचक, म्हणजे उत्तर सुचवणारे, प्रश्न सहसा विचारता येत नाहीत, उत्तर त्याच्या तोंडून यावं लागतं. लॉ कॉलेजात हे शिकवलं तेव्हा मला बाईच आठवल्या. वकील संघाचा अध्यक्ष झालो, त्या सत्काराला मी त्यांना आग्रहाने बोलावलं होतं.

दहावीला आता प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका असते, तीत स्वमत विचारतात. बाई तेच तर करत होत्या! पण पुतणीच्या गाइडात स्वमताचीही तयार उत्तरं छापलेली पाहिली आणि फार वाईट वाटलं. मुलांनी मतसुद्धा पाठ करायचं?

मुख्याध्यापकांना एक विनंती आहे. बाई प्रत्येक धड्याचे प्रश्न वहीत लिहून आणत. त्या वह्या त्यांच्याकडून मागून घ्याव्यात आणि आजच्या भाषाशिक्षकांसाठी छापाव्यात. छपाईचा सगळा खर्च आमची तुकडी उचलेल.