डाळीच्या पुड्यातले बारा ग्रॅम

ऑक्टोबर २०१५. तूरडाळ किलोमागे दोनशे रुपयांवर गेली होती. मी तेव्हा वैधमापन शास्त्र खात्यात निरीक्षक होतो, लोकांच्या भाषेत वजनमापेवाला. तक्रारीवरून आम्ही भिवंडीजवळच्या एका मोठ्या कंपनीच्या गोदामात गेलो.

नियमाप्रमाणे ३२ पुडे काढले, थप्प्यांच्या तळातलेसुद्धा. शेजारचा चहावाला आणि एक माथाडी कामगार पंच म्हणून बसले. एक किलोच्या पुड्यात १५ ग्रॅमपर्यंतची तूट कायदा चालवून घेतो, पण सगळ्या पुड्यांची सरासरी छापलेल्या वजनाखाली जाता कामा नये. आमच्या काट्यावर ९८७, ९८९, ९८८ असेच आकडे येत राहिले. एकाही पुड्यात १५ ग्रॅमांहून जास्त तूट नाही आणि एकही पुडा पुरता किलोचा नाही! यंत्र चुकलं तर कधी जास्तही भरेल की. हे यंत्र फक्त कंपनीच्या बाजूनं चुकत होतं.

व्यवस्थापक शांत होते. "साहेब, पहिलीच वेळ आहे. प्रशमन शुल्क सांगा, आत्ता भरतो."

प्रशमन म्हणजे पैसे भरून प्रकरण मिटवणं. तेव्हाच्या कायद्यात ही सोय पहिल्या वेळेपुरती होती. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा घडला तर खटलाच व्हायचा, आणि त्यात एक लाखापर्यंत दंड, वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकत होतं. पण आधीचा गुन्हा सापडायला तर हवा! एका जिल्ह्याची नोंदवही आम्हाला दुसऱ्या जिल्ह्यात बसून दिसत नसे. मी गोदामाच्या दारात उभा राहून फोन लावत सुटलो. चौथ्या फोनवर एका सहकाऱ्यानं प्रशमन शुल्काची पावती वाचून दाखवली. चौदा महिन्यांपूर्वीची. हीच कंपनी, हीच डाळ.

तिथेच हिशेब मांडला. पुड्यामागे सरासरी बारा ग्रॅम तूट, म्हणजे लाख पुड्यांमागे १,२०० किलो डाळ, त्या दिवसाच्या भावानं २,४०,००० रुपये. एक लाखाचा दंड भरूनही फायदाच उरतो. म्हणून कैदेच्या तरतुदीखाली खटला भरायचाच, असं मी ठरवलं. वैधमापन कायद्याच्या कलम ४९ खाली कंपनीच्या गुन्ह्याला जबाबदार संचालक म्हणून कोणाचं नाव खात्याला कळवलंय, असं विचारलं, तेव्हा व्यवस्थापकांचा हात पहिल्यांदा फोनकडे गेला.

पंचनाम्यावर सही करताना माथाडी पंचानं विचारलं, "साहेब, आमच्या घरी हीच डाळ येते. मागच्या पुड्यांचं काय?"

दंड सरकारजमा होतो, एवढंच मी त्याला सांगू शकलो.