क्रॉसिंग आसा!

मुंबईत दोन स्टेशनांच्या मध्ये लोकल चार मिनिटं अडकली तरी डब्यात चिडचिड सुरू होते. तीच माणसं मे महिन्यात दिव्याहून सावंतवाडी पॅसेंजर पकडतात आणि सावर्ड्याला गाडी अर्धा तास उभी राहिली तरी कोणी घड्याळ बघत नाही. "क्रॉसिंग आसा," एवढं म्हणून पाय वर घेतात. कोणी उतरून नळावर बाटली भरतो, एक डोळा सिग्नलवर ठेवून.

कोकण रेल्वेचे रूळ रोहा ते वीर २०२१ साली दुहेरी झाले. पुढे मार्ग बहुतेक एकेरीच. समोरून गाडी येत असेल तर एकीने स्टेशनात बाजूला उभं राहायचं. कोणी, ते धाकट्या सुनेसारखं आधीच ठरलेलं. मांडवी जाते, जनशताब्दी जाते, वंदे भारत तर चेहरे दिसायच्या आत जाते. कधी रो-रो जाते, आणि तिच्यावर चढवलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हर तंगड्या पसरून झोपलेला असतो. आमच्यापुढे चाललाय, तोही झोपून!

दिव्याला चढणारा चाकरमानी मात्र अजून लोकलमधलाच असतो. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं, तिघांच्या बाकावर "वायच सरा" म्हणत चौथी सीट मिळवणं, अर्धी मांडी वाटेत लोंबत ठेवणं. "कुठे उतरणार?" हेही तो आधी लोकलच्याच हिशेबाने विचारतो, म्हणजे जागा कधी रिकामी होणार. पेण मागे पडलं की त्याच प्रश्नाची चौकशी होते. तुम्ही कणकवली म्हणालात की सुटका नाही. कणकवलीत खंय? वाडी कुठली? कोणाचो झील? चिपळूण येईपर्यंत लांबचं नातं तरी निघतं, नाहीतर सामायिक जमिनीच्या दाव्यातला समोरचा पक्ष तरी. मग करवंदांचा द्रोण पुढे करायचा की नाही, हा खरा पेच.

उक्षीनंतर करबुड्याचा बोगदा येतो, साडेसहा किलोमीटरचा. पूर्वी आत डिझेलचा धूर नाकात जायचा; २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झाल्यापासून तो त्रास गेला. आवाज मात्र तसाच, शेजारच्याचंही ऐकू येत नाही. सगळे गप्प होतात, समोरच्या काकी सोडून. अंधारात त्यांचे नुसते हातवारे दिसतात. उजेड येतो तेव्हा सुनेचं बाळंतपण उरकून काकी तिच्या माहेरच्यांवर घसरलेल्या असतात, आणि मधलं काय झालं ते विचारायची कोणाची छाती होत नाही.

शहरातून हौसेने आलेल्यांना हे थांबणं फार रम्य वाटतं. दारात उभे राहून फोटो काढतात. मला नाही बुवा तसं वाटत. पॅसेंजरने आम्ही जातो ते तिकीट परवडतं आणि ती आडवली-विलवड्यालाही थांबते म्हणून. आजारी माणसाला घेऊन मुंबईला निघालेल्याला क्रॉसिंगची मजा सांगून बघा! रूळ सावंतवाडीपर्यंत दुहेरी व्हायलाच हवेत. काकींना मात्र कोणीतरी वेळेत कळवा. जावेचा विषय त्या राजापूर रोड गेल्याशिवाय काढतच नाहीत.