आप्पांना घेऊन मुद्देनहळ्ळीला जाऊन आलो, त्याचा अनुभव

आमचे आप्पा हिडकल डॅमवर गेटच्या ड्युटीला होते. घटप्रभेला पूर आला की आप्पा घरी नाहीत हे आम्हा पोरांना पाठच होतं. रात्रभर लेव्हल बघायची, फोनवर कळवायची, ऑर्डर आली की गेट उचलायचं. त्यामुळं इंजिनिअर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचं नाव आमच्याकडं देवासारखं घेतलं जायचं, कारण पाणी ठरलेल्या लेव्हलच्या वर गेलं की आपोआप उघडणारं आणि खाली आलं की आपोआप मिटणारं दार ह्या माणसानं शोधलं, पेटंट घेतलं आणि 1903 साली पुण्याजवळ खडकवासल्याला बसवलं. "माणूस झोपला तरी दार जागं असतंय की गं," आप्पा म्हणायचे. आता गुडघे दुखतात, तरी विश्वेश्वरय्यांचं मुद्देनहळ्ळीचं घर एकदा बघायचंच असं त्यांनी धरलेलं, मग मीच म्हटलं चला.

राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेळगावहून रात्री निघालो, सकाळी बेंगळूर. लोअर बर्थ आधीच बुक करून ठेवा, वयस्कर माणूस बरोबर असेल तर फारच गरजेचं आहे. स्टेशनसमोरच मॅजेस्टिकचा बसस्टँड, तिथनं चिक्कबळ्ळापूरची बस, आणि चिक्कबळ्ळापुरात उतरून रिक्षा. मुद्देनहळ्ळी तिथनं अगदी जवळ, नंदी हिल्सच्या पायथ्याकडचा भाग. आमचं धारवाडी वळणाचं कन्नड ऐकून रिक्षावाल्यानं लगेच ओळखलं की ही वरच्या भागातली माणसं. एक चूक झाली, रिक्षा थांबवून न ठेवता सोडून दिली आणि परत येताना उन्हात पाऊण तास उभं राहावं लागलं. तुम्ही जाण्यायेण्याचं एकदमच ठरवा.

आणि मग ते घर. हे त्यांचं जन्मगाव, वडील संस्कृतचे पंडित, ते लवकर गेले, पोरगा शिकत शिकत बेंगळूर आणि तिथनं पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअरिंगला. 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीत लागले, आणि तेव्हा आपला बेळगाव जिल्हाही त्याच इलाख्यात होता, हे आप्पांनी मला दोनदा सांगितलं, आपल्याच खात्यातले म्हणून. घर नीट दुरुस्त करून जपलंय, गावातली माणसं त्याला देवळासारखं मानतात. आप्पांनी उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. शेजारीच म्युझियम आहे, त्यात त्यांचा पासपोर्ट, चष्मा, कप, पुस्तकं, मिळालेल्या पदव्या, मानसन्मान. भारतरत्न 1955 चं. मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर व्हिजिटिंग कार्ड छापायचा त्यांचा ब्लॉक, एवढीशी वस्तू, पण ह्या माणसाला स्वतःचं नाव कागदावर नीटनेटकं उमटायला हवं होतं असं वाटलं आणि का कुणास ठाऊक डोळे भरून आले.

आप्पा मात्र म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागर (केआरएस) धरणाच्या मॉडेलसमोरनं हलेनात. हीच आपोआप चालणारी दारं पुढं ग्वाल्हेरजवळ तिग्रा धरणाला आणि इथं केआरएसलाही बसवली. मला म्हणाले, बघ, पाणी वाढलं की त्याच पाण्याच्या जोरावर दार उचललं जायला पाहिजे, बाहेरनं माणूस नको, मोटर नको, म्हणजे पुराचीच ताकद पुराला वाट करून देतीय. तीसेक वर्षं लिव्हरवर हात ठेवलेल्या माणसाकडनं हे ऐकताना मला पहिल्यांदा ते गेट खरंच कळलं. माझा मुलगा व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीच्या) कॉलेजात मेकॅनिकलला आहे, युनिव्हर्सिटीचं ऑफिस आमच्या बेळगावात, मार्कशीटवर विश्वेश्वरय्यांचं नाव, आणि पोरानं हे घर अजून बघितलेलं नाही! बेळगावातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना कॉलेजांनी इथं आणलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

त्यांची समाधीही तिथंच आहे. 1962 ला गेले, शंभरी पार करून. तिथं आम्ही बराच वेळ नुसते बसलो.

परतीच्या बसमध्ये आप्पांनी हिडकलच्या जुन्या जोडीदाराला फोन लावला, तो कानानं कमी ऐकतो म्हणून मोठ्यानं, कन्नडात, दाराचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. अर्धी बस ऐकत होती. शेवटी म्हणाले, तू पण ये, मी नेतो तुला, रस्ता आता मला माहिताय.